पाठीवरचा लाल दोरा

आई, तुला दोरा लोंबलेला खपायचा नाही. शिवणक्लासातल्या मुलींचे ब्लाउज तू आधी उलटे करून बघायचीस. सुलट बाजू कुणीही छान करतं, उलट बाजू दाखवा, म्हणायचीस. आणि एखादं टोक जरी बाहेर दिसलं तरी ते दोन बोटांत धरून सगळ्या वर्गासमोर उंच करायचीस, उंदीर शेपटीने धरल्यासारखं. "हे काय? काम अर्धवट टाकून जेवायला गेली होतीस का?" पुण्यात आपल्या आजूबाजूच्या निम्म्या बायकांना तू शिवण शिकवलंस आणि तुझी आठवण निघाली की त्या अजूनही तुझी हीच नक्कल करतात. पोट धरून हसतात. इतकी वर्षं मीही हसत आले. कालपासून हसू येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

मी सध्या शिकागोजवळ नेपरव्हिलला आहे, लेकीच्या घरी. बाहेर बर्फ पडतोय. ती आणि जावई डॉक्टरकडे गेलेत, डायनिंग टेबलाशी मी एकटी. तिचे दिवस भरत आलेत. तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती, आता तिलाच बाळ होणार, एवढा काळ मध्ये गेला. मी तिच्या बाळंतपणाला आले आहे, जशी तू माझ्या बाळंतपणाला मिशिगनमध्ये नोव्हायला आली होतीस. डिंकाचे लाडू तिथूनच करून आणलेत. अळीव तर आता इथल्या इंडियन ग्रोसरीतसुद्धा मिळतात, तुझ्यासारखे कस्टम्सवाल्यांना घाबरत परकराच्या घडीत लपवून आणावे लागत नाहीत.

नोव्हायचं ते अपार्टमेंट तुला आवडलं होतं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तू नळ सोडून गरम पाणी येतं का बघितलंस आणि म्हणालीस, राणीसारखी राहतेस की गं! राणी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होती. काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत, कारण तिथे तो सेफ राहतो. फोनवर मी तुला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी बोलत असताना तो समोर बसलेला असायचा. मला वाटायचं, तू एकदा आलीस की आपल्या डोळ्यांनी बघशील, मग मला तोंड उघडावंच लागणार नाही. तू बघितलंस. तू बघितलं नाहीस असं मी कधीच म्हटलेलं नाही.

बाळ झाल्यावर तू रोज सकाळी मला तेल लावायचीस. बाथरूमच्या बाहेर, त्या अरुंद जागेत जुनी चादर टाकून, हीटर वाढवून. तुझे हात बळकट होते, जन्मभर कापड ओढलेले. आधी पाठ, मग कंबर, पाय, शेवटी हात. माझ्या डाव्या दंडावर बोटांचे वळ उमटलेले होते, निळे, कडेने पिवळे पडायला लागलेले. पहिल्या दिवशी तुझा हात तिथे येऊन थांबला. मला वाटलं, आता विचारेल. मी डोळे मिटून वाट बघत पडून राहिले. तुझा हात थोडा वेळ तिथेच होता आणि मग त्या वळांना वळसा घालून कोपराकडे गेला. दुसऱ्या दिवशी तो थांबलाही नाही, लांबूनच वळला. वळ जाईपर्यंत तू तेवढी जागा रोज कोरडी ठेवलीस. गळ्याचा गोल कापावा इतक्या सफाईने तू ती जागा टाळायचीस. मी पालथी पडून कार्पेटचे धागे मोजल्यासारखं करायचे आणि तू बोलत असायचीस, शेजारणीच्या सुनेबद्दल, भावाला आलेल्या स्थळांबद्दल.

आणि मग ताट. आमटीत मीठ जास्त झालं होतं, तूच केली होतीस ती आमटी. त्याला वाटलं मी केली. त्याने ताट उचलून किचनच्या भिंतीवर मारलं, फार जोरात नाही, एखादी नको असलेली वस्तू टाकावी तसं. भात घरंगळत खाली आला. तो बेडरूममध्ये जाऊन दार लावून बसला. मी बाळाला पाजत होते, मी उठेपर्यंत तू फडकं भिजवून भिंत पुसायला घेतलीसुद्धा होतीस. "ऑफिसात काहीतरी बिनसलं असेल," असं तू भिंतीला म्हणालीस, माझ्याकडे न बघता. मग मला म्हणालीस, "मीठ माझ्याकडूनच जास्त पडलं गं." एवढंच. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा तू त्याला चहा दिलास आणि विचारलंस, साखर बरोबर आहे ना?

समोरच्या दारातल्या जपानी बाईशी तुझी मैत्री कशी जमली हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या नवऱ्यासारखाच तिचा नवराही गाड्यांच्या कंपनीत होता, काही वर्षांसाठी इकडे पाठवलेला. नोव्हायमध्ये तेव्हाही जपानी कुटुंबं बरीच होती. तुमची गाठ पडली खालच्या लाँड्री रूममध्ये. ती तुझ्या साडीच्या काठाला हात लावून उभी होती म्हणे, आणि तू तिच्या एप्रनची शिवण उलटी करून बघत होतीस. दोघींचं इंग्रजी मिळून एक वाक्य पुरं होत नव्हतं, पण टाके, दोरा, काठ, अस्तर हे सगळं बोटांनी दाखवता येतं. मी तुला आई म्हणते हे ऐकून ती तुला आई-सान म्हणायला लागली. हाक मारताना पहिल्यांदा ती खुदकन हसली. तिच्या भाषेत 'आइ' म्हणजे प्रेम. हे तुला इतकं आवडलं की पुण्याला केलेल्या प्रत्येक फोनमध्ये तू सांगत होतीस, ऐकलंस का, जपानीत आई म्हणजे प्रेम! मी बेडरूममध्ये आडवी होऊन ऐकायचे.

एकदा तिने आपल्याला तिचे किमोनो दाखवायला बोलावलं. तू जाताना बाळाच्या बारशाला मी नेसायची म्हणून आणलेली पैठणी पिशवीत घालून घेतलीस. रिकाम्या हाताने जाणं तुला पटेना. तिच्या पलंगावर पातळ कागदात गुंडाळलेल्या रेशमाच्या घड्या, प्रत्येक घडी एकाच मापाची, आणि ती एकेक उघडत असताना तू श्वास धरून बघत होतीस. कमरेला बांधायचा ओबी तर आपल्या शेल्याएवढा लांब आणि पुठ्ठ्यासारखा ताठ, त्यावर सोनेरी करकोचे उडत चाललेले. तू लगेच पैठणीचा पदर पसरून त्यातले मोर दाखवलेस. मग दोघींची जुगलबंदीच सुरू झाली. तिने माशाच्या खवल्यांसारख्या लाटा दाखवल्या, तू आसावलीची वेल दाखवलीस. तिने कासवाच्या पाठीचे षट्कोन दाखवले, दीर्घायुष्याचे. तू पोपट दाखवलेस आणि ते कशाचे हे तुलाही सांगता येईना, तर म्हणालीस, "ब्यूटी, ब्यूटी!" मी बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते, दुभाषी म्हणून. ती सांगत होती की फुलं उमलायच्या थोडं आधीच त्या फुलांची नक्षी अंगावर घालायची, फुलल्यावर घालणं म्हणजे उशीर. मी ते मराठीत सांगितलं आणि तू म्हणालीस, किती बाई विचार केलाय या लोकांनी! त्या तासाभरात तू मला इतकी आवडली होतीस. क्लासातली तू, कापड हातात असलेली तू.

मग तिने सगळ्यांत खालून एक साधा किमोनो काढला. जांभळा आणि पांढरा. त्यावर उभ्या ओळींत बाणांची पिसं, एक ओळ वर तोंड केलेली, शेजारची खाली. नुसती मागची पिसं, टोक कुठेच नाही. "माय कॉलेज, लास्ट डे," ती म्हणाली. कॉलेज संपलं त्या दिवशी तिने तो घातला होता, खाली चुण्यांचा घेरदार घागऱ्यासारखा प्रकार बांधून. शिकून बाहेर पडणाऱ्या मुली तिच्याकडे हीच नक्षी घालतात. तू मान डोलावलीस, पण तुझं लक्ष अस्तराकडे. मग ती म्हणाली, "लाँग लाँग अगो, ब्राइड ऑल्सो. ॲरो गो, नो कम बॅक. गुड लक." तू झटकन वर बघितलंस. "काय गं, काय म्हणते?" मी सांगितलं. पूर्वी तिच्या देशात नवरीला ही नक्षी द्यायचे, सुटलेला बाण मागे फिरत नाही, तशी मुलगीही माहेरी परत यायला लागू नये म्हणून. तुझा चेहरा उजळला. "अगं बाई, म्हणजे यांच्यातही असंच!" एकाच कापडाचे तिने दोन अर्थ सांगितले होते. त्यातला कॉलेजचा अर्थ आपल्या दारात पोचेपर्यंतसुद्धा तुझ्याजवळ राहिला नाही.

बारसं आपण घरातच केलं. पाळणा नव्हता, बाळाच्या कार-सीटला चार बायकांनी झोका दिला. समोरची आली ती हातात एक छोटंसं पुडकं घेऊन. तिने स्वतः शिवलेलं बाळाचं झबलं, किमोनोसारखंच, पुढे बांधायच्या नाड्या, लाल-पांढऱ्या कापडावर तागाच्या पानांची नक्षी, चांदण्यांसारखी एकात एक अडकलेली. ताग भराभर आणि सरळ वाढतो, तसं लेकरू वाढावं म्हणून. आणि पाठीवर, मानेच्या खाली, लाल दोऱ्याचे मोठे मोठे टाके, शोभेचे असावेत तसे. तू ते झबलं खिडकीपाशी नेऊन उलटं केलंस. बघत राहिलीस. "हात आहे हो बाईचा," म्हणालीस, तुझ्या तोंडून याहून मोठी पदवी कुणाला मिळालेली नाही. मग तुला पाठीवर टाक्यांच्या शेवटी लोंबणारा दोरा दिसला. चांगला बोटभर, गाठ न मारता सोडलेला. "इतकं सुंदर करून शेवटी घाई झाली बिचारीला," असं म्हणत तू तुझ्या बटव्यातली छोटी कात्री काढलीस आणि तो दोरा मुळाशी कापून टाकलास. वर बोट फिरवून बघितलंस, टोक राहिलं नाही ना. मग बाळाला तीट लावून ते झबलं घातलंस.

बारसं झाल्यावरच्या आठवड्यात मी तुला विचारलं. तो ऑफिसला गेलेला. तू सोफ्यावर दुपट्यांच्या घड्या करत होतीस, मी समोर जमिनीवर. मी खूप दिवस वाक्य जुळवत होते आणि शेवटी जे तोंडातून आलं ते अगदी लहान मुलीसारखं होतं. "आई, मला घेऊन चल ना."

"कुठे?"

"घरी. मला आणि बाळाला."

तू दुपट्याची घडी पुरी केलीस. कोपऱ्याला कोपरा जुळवलास. "बाळंतपणात असं होतं," म्हणालीस. "मन हळवं होतं."

"आई, तू बघतेस ना?"

"सगळीकडे थोडंफार असतं गं. आता लेकरू झालंय, निवळेल तो. आणि दादाचं जमत आलंय. ते लोक घर बघायला येणार आणि घरात तू बाळ घेऊन बसलेली? काय सांगायचं त्यांना?" मग तू पुढचं दुपटं उचललंस आणि हलक्या आवाजात, समजावल्यासारखं म्हणालीस, "ती समोरची काय म्हणाली, ऐकलंस ना? बाण सुटला की सुटला. इतकी पुढारलेली माणसं, त्यांनाही ते कळलंय."

आई, तू रागावली असतीस तर चाललं असतं. दादाचं लग्न पुढे केलंस तेही मी गिळलं असतं, तेवढं तरी खरं होतं. पण त्या बाईने आपलं कॉलेजचं रेशीम प्रेमाने आपल्यापुढे उलगडलं आणि तू त्यातून नेमकं माझं दार लावून घ्यायला काय उपयोगी पडेल तेवढं कापून आणलंस. आपल्याकडे यासाठी शब्द कमी होते का? दिल्या घरी राहा म्हणाली असतीस, मला कळलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती खिरीचं का कसलंसं वाडगं परत द्यायला आली. बाळ माझ्या खांद्यावर, अंगात तेच झबलं. ती लाडाने बाळाच्या पाठीवर हात फिरवायला गेली आणि थांबली. बोटांनी चाचपत राहिली. मानेखाली, टाक्यांच्या शेवटी. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, तुलाही दिसला. "थ्रेड?" ती म्हणाली. तू अभिमानाने कात्रीसारखी दोन बोटं चालवून दाखवलीस, "आय कट! क्लीन!" तिने कसनुसं हसायचा प्रयत्न केला. मग सांगायला लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी. मोठ्यांच्या किमोनोला पाठीत मधोमध शिवण असते, ती शिवण मागून राखण करते. बाळाचं झबलं एकाच सलग तुकड्याचं, त्याला मागे शिवण नाही, मग पाठ राखायला कुणी नाही, म्हणून हे टाके. आणि टोकाचा दोरा मुद्दाम सोडायचा. तिने हात खाली नेला, "बेबी, फायर," चूल दाखवली, बाळ आगीत पडलं, पाण्यात पडलं, तर देव येतो. तिने हवेत दोन बोटांनी काहीतरी पकडलं आणि वर ओढलं. "गॉड कॅच. हिअर. पुल."

तू म्हणालीस, "अगं बाई, सॉरी सॉरी! मला वाटलं राहून गेलाय." आणि हसलीस. खरंच हसलीस, एक गंमत झाल्यासारखं, आणि लगेच सुई आणायला उठलीस, आत्ता लावून देते म्हणालीस. ती 'नो, ओके, ओके' करत राहिली. आणि ती बाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. त्या बिल्डिंगच्या भिंती पातळ होत्या, ताट भिंतीवर आपटल्याचं ऐकू गेलं नसेल असं नाही. मी तुझ्या हातातून सुई काढून घेतली. राहू दे म्हटलं. तू म्हणालीस, "एवढं काय त्यात?" पुण्याला गेल्यावर हा किस्सा तू क्लासात रंगवून सांगितलास, मला दादाकडून कळलं. चांगला रंगत असणार. आग, पाणी, देव आणि तुझी कात्री.

मी बाहेर पडले ती पुढे बऱ्याच वर्षांनी, ग्रीन कार्ड हातात आल्यावर, लेक शाळेत जायला लागल्यावर. गाडीच्या सीटची कव्हरं बनवणाऱ्या कंपनीत लागले. कापड, रेक्झिन, चामडं, कुठे टीप घ्यायची, कुठे माया सोडायची. मुलाखतीत त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात, तर तुझं नाव सांगितलं नाही, आईने शिकवलं एवढंच म्हणाले. तुला फोन करून सांगितलं की मी वेगळी राहते आहे. तू म्हणालीस, "इथे कुणाला बोललेली नाहीस ना?" त्यानंतर तुझा जावई टेक्सासच्या प्रोजेक्टवर गेला आणि तुझ्या मरणापर्यंत परत आला नाही. काय तो प्रोजेक्ट! दादाच्या मुलाच्या मुंजीला मी आले तेव्हा दारातच, ओवाळायच्या आधी, तू मला आत ओढून तुझं जुनं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलंस. "चार दिवसांचा प्रश्न आहे," म्हणालीस. आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडलीस. मी चार दिवस ते घालून वाढप केलं. टेक्सासला उन्हाळा फार असतो ना, असं एका काकूंनी विचारलं, मी हो म्हटलं. तुझ्या तेराव्याला त्याच काकू म्हणाल्या, जावईबापूंना रजा नाही का मिळाली? मी दादाकडे बघितलं, दादा पत्रावळीकडे बघत होता.

आता इथलं सांगते. मागच्या आठवड्यात लेकीने मी आणलेल्या पेटीतून ते झबलं काढलं. तिच्या बाळासाठी हवंय तिला. "आई, हे पाठीवर काय आहे? इट्स सो क्यूट." मग मी सगळं सांगितलं, तागाची पानं, शिवण, देव, दोरा. तू दोरा कापलास तेही. बाकीचं सांगितलं नाही, ते तिला थोडं थोडं माहीत आहे. "ओह नो, पुअर आजी!" असं म्हणून ती हसली, आणि लाल दोरा मागवून, फोनवर कुठलासा व्हिडिओ बघत, सोफ्यावर मांडी घालून तिने तो लावलासुद्धा. टाके वाकडेतिकडे. एक तर अस्तरात गेलाय. तुझ्या क्लासात पहिल्याच दिवशी नापास. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाली.

जावई चांगला मुलगा आहे. इथेच वाढलेला मराठी, मराठी सगळं समजतं पण बोलताना लाजतो. सकाळी मला विचारतो, "काकू, कॉफी?" भांडी तोच घासतो. आणि तो भांडी घासत असताना मी पाठ करून उभी असते पण कान तिकडे. परवा त्याच्या हातातून कढई सिंकमध्ये पडली, मोठा आवाज झाला, मी वाचत होते ती ताडकन उभी राहिले आणि लेक आणि त्याच्या मधे जाऊन थांबले. तो बिचारा, "सॉरी काकू, स्लिप झाली." लेकीने माझ्याकडे बघितलं.

काल तिचे पाय सुजले होते म्हणून मी तेल लावून देत होते. पाय झाले, मग म्हटलं हातही दे. ती म्हणाली, "हात कशाला?" मी म्हटलं, दे गं. मनगट, कोपर, मग मी तिच्या टीशर्टची बाही वर सरकवायला लागले. रोज काहीतरी निमित्त काढून मी हे करते, कधी लस घेतलीस ती जागा दाखव म्हणून, कधी बाही ओली झाली म्हणून. ती माझा हात धरून म्हणाली, "आई, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?"

"काही नाही."

तिने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या. एक दंड माझ्यापुढे केला, फिरवून दाखवला, मग दुसरा. "लुक. नथिंग. बघ ना नीट. ओके?" तिचा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी. "अँड यू कीप सेइंग, तुझी खोली तशीच आहे, तुझी खोली तशीच आहे. लग्न झालं त्या दिवसापासून. का? डू यू वॉन्ट मी टू कम बॅक? यू वॉन्ट हिम टू बी लाइक दॅट?" मी म्हटलं, नाही गं, तसं नाही. मग कसं, ते मला सांगता येईना. जावई बाहेरच्या खोलीत होता, त्याने टीव्हीचा आवाज वाढवला, आम्हाला बोलता यावं म्हणून. ती रडत बसली आणि माझे हात तेलाचे, मला तिचे डोळेही पुसता येईनात.

तर हे तू मला करून ठेवलंस. एक दार तू बंद केलंस आणि मी जन्मभर लेकीसाठी दार उघडं धरून उभी, इतकं की तिच्या सुखाच्या घरात माझ्यामुळे गार वारा येतो. तू त्या दिवशी 'चल' म्हणाली असतीस तर मी खरंच आले असते का, मला माहीत नाही. बाळाचा पासपोर्टसुद्धा काढलेला नव्हता. कदाचित मीच म्हटलं असतं, थांबू थोडे दिवस. पण तू म्हणायला हवं होतंस. तेल लावताना निदान विचारायला हवं होतंस, हे काय झालं म्हणून. मी पडले म्हणाले असते, खोटं बोलले असते, तरी विचारायचं. मी तुला माफ केलेलं नाही आणि आता करीन असंही वाटत नाही, वय होत चाललं तसा राग मुरत चाललाय.

गराजचं दार वाजतंय, आले ते. हे कागद मी माझ्याच बॅगेत ठेवीन, दादालाही दाखवणार नाही. एवढं एकच सांगायचं राहिलं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. काल तिने बाह्या वर केल्या तेव्हा मला आधी हायसं वाटलं. मग मी तिच्या दंडाकडे बघत राहिले, स्वच्छ दंड, एक डाग नाही, आणि तरी तिची आई रोज बघते. आई, मला माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला.